पाण्याखालची रब्बी

बारावीच्या जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला लागणारं हायड्रिला कुठून येतं, हा प्रश्न विद्यार्थ्यांना कधी पडत नाही. टेबलावर चंचुपात्र मांडलेलं असतं, त्यात उलटं नरसाळं, नरसाळ्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी आणि आत हिरव्या काड्या. उन्हात ठेवलं की बुडबुडे निघतात, बुडबुडे म्हणजे ऑक्सिजन, काढा आकृती. त्या हिरव्या काड्या आणणं हे प्रयोगशाळा सहायकाचं काम. दौंड तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात निवृत्त होईपर्यंत ते माझ्याकडे होतं. त्यामुळे पाण्याखालच्या वनस्पतींशी माझी ओळख पुस्तकातून कमी आणि बादलीतून जास्त झाली.

अडचण असायची वेळेची. बोर्डाची प्रॅक्टिकल परीक्षा फेब्रुवारीच्या आसपास, तेव्हा हायड्रिला पोतंभर मिळे. पण वर्गातला सराव असायचा ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि तेव्हा शोधूनही काडी सापडत नसे. नवे सर आले की त्यांना हे पटायचं नाही. पावसाळ्यात दगडालाही पालवी फुटते आणि तुम्हाला पाण्यातलं साधं शेवाळ मिळत नाही, असं म्हणायचे. खानोट्याच्या बाजूला उजनीच्या फुगवट्यात मासेमारी करणारे एक भोई मामा होते, त्यांना मी हेच विचारलं. फाटलं जाळं विणता विणता ते म्हणाले, "बाई, गढुळात काय उगवतंय? दसरा होऊ द्या, पाणी निवळू द्या. दिवाळी झाली की या. जाळं ओढंना होईल एवढं शेवाळ देतो."

मामा सरसकट शेवाळ म्हणत, पण त्यातली बहुतेक झाडं शेवाळ नव्हेत. त्यांना खोड असतं, पानं असतात, फूल येतं, बी धरतं. फक्त हा सगळा संसार पाण्याच्या आत चालतो. जमिनीवरच्या पिकाला पाणी हवं, म्हणून त्याचा हंगाम पाऊस ठरवतो. पाण्यातल्या झाडाला पाण्याची ददात नाही, त्याला ददात उजेडाची.

आणि आमच्याकडे उजेड सगळ्यात कमी असतो तो पावसाळ्यात. नुसत्या ढगांमुळे नव्हे, गाळामुळे. मुळा-मुठा शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, शिरूरकडून येणारी घोड तिच्या खालच्या अंगाला मिळते आणि हे सगळं पाणी दौंडवरून उजनीत जातं. म्हणून पावसाळ्यात बातम्यांत रोज 'दौंडचा विसर्ग' सांगतात. क्युसेकचा आकडा ऐकून लोक धरण कधी भरणार याचा हिशेब करत, मी गाळ कधी बसणार याचा करायचे. पाण्याची पारदर्शकता मोजायला शास्त्रज्ञ काळी-पांढरी थाळी दोरीने खाली सोडतात आणि ती दिसेनाशी होते तिथली खोली नोंदवतात. आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये भूमध्य समुद्रावर ही युक्ती वापरली, म्हणून तिला सेक्कीची थाळी म्हणतात. मी डालड्याच्या डब्याचं झाकण रंगवून घेतलं होतं. ऑगस्टात ते वीतभर खाली गेलं की गायब. जानेवारीत कमरेएवढ्या पाण्यात तळाला टेकलेलं स्पष्ट दिसायचं.

हायड्रिला काटकसरीचं झाड आहे. भर उन्हाच्या जेमतेम एक टक्का उजेडावरही ते तग धरतं. पण पुराच्या पाण्यात तेवढाही तळापर्यंत पोचत नाही. शिवाय धरण भरताना पाणी काही मीटर चढतं. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यात असलेली जागा बघता बघता दोन-तीन पुरुष खोल जाते. वरून गाळाचा थर बसतो, ओढ असेल तर झाड मुळासकट उपटून जातं. युरोपातल्या पुस्तकांत पाणवनस्पती उन्हाळ्यात फोफावतात आणि हिवाळ्यात मरतात. तसं पाहायला परदेशी जायलाही नको. काश्मीरच्या दल सरोवरात जुलै-ऑगस्टमध्ये पाणगवत माजतं आणि थंडीत बसतं. आमच्याकडे थंडी कुणाला मारत नाही. मारतं ते गढूळ पाणी. म्हणून आमच्या तळ्यांत खरीप असा नसतोच, पाण्याखाली फक्त रब्बी पिकते.

दसऱ्यानंतर पाणी निवळायला लागतं आणि काठाच्या उथळ भागात पहिला येतो कारा. हा मात्र खरोखर शेवाळवर्गातला. हाताला खरखरीत लागतो, कारण त्याच्या अंगावर चुन्याची पुटं चढतात. उपसून बांधावर टाकला तर वाळून पांढराफटक पडतो. वास इतका उग्र की बसमध्ये शेजारी कुणी बसत नसे. त्याच्यामागून नाजस येतं. काडी हातात घेताच तुकडे पडतात, पानांच्या कडांना बारीक काटे असतात. हे बियांवर जगणारं वर्षायू झाड आहे, दर वर्षी नव्याने उगवतं. तोवर खोल भागात हायड्रिलाने डोकं वर काढलेलं असतं.

हायड्रिलाची सगळी तयारी गाळात आधीच झालेली असते. दिवस लहान होऊ लागले की त्याच्या जमिनीतल्या फांद्यांच्या टोकांना वाटाण्याएवढे किंवा त्याहून लहान कंद धरतात. झाड मेलं तरी कंद राहतात. ओल्या गाळात ते चार-चार वर्षं जिवंत राहिल्याच्या नोंदी आहेत. पानांच्या बेचक्यातही टणक कळ्या तयार होतात, त्या गळून पडतात आणि रुजतात. हे कमी म्हणून की काय, खोडाचा तुकडा पडला तरी त्याचं झाड होतं. अमेरिकेत फ्लोरिडात १९५० च्या दशकात मत्स्यालयाच्या शोभेसाठी आणलेलं हायड्रिला तिथल्या तळ्यांत सुटलं ते आजपर्यंत आवरलेलं नाही. उजेड पुरेसा असला की रोज दोन-अडीच सेंटिमीटर वाढत ते वर सरकतं आणि पृष्ठभाग गाठला की फांद्या फोडून छतच घालतं. डिसेंबर-जानेवारीत मामांचं जाळं अडायचं ते या छतात.

त्याच्या सोबतीला सेराटोफायलम असतं. याला मुळं नसतातच. अधांतरी तरंगत, पाण्यातूनच खत शोषून जगतं. आणि ऐन थंडीत येतं ते पोटॅमोजेटॉन क्रिस्पस, पानाच्या कडा पापडाच्या लाटीसारख्या वळ्या पडलेल्या. याचं वेळापत्रक सगळ्यांच्या उलटं. पाणी तापायला लागलं, म्हणजे होळीच्या सुमाराला, की टणक शिंगासारख्या कळ्या टाकून ते स्वतः संपतं. त्या कळ्या उन्हाळाभर तळाशी निजून राहतात.

प्रयोगशाळेत मला सगळ्यात आवडायचं ते हायड्रिलाचं पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला. बटाटा किंवा कांदा पाहायचा तर कापावा, सोलावा लागतो. हायड्रिलाचं पान अवघ्या दोन पेशींच्या थराचं. तोडायचं, काचपट्टीवर पाण्याचा थेंब, वर आच्छादन, झालं. पहिल्यांदा हिरव्या विटांची भिंत दिसते. दिव्याची ऊब लागली की मधल्या शिरेजवळच्या पेशींमध्ये हालचाल सुरू होते. हरितलवकांचे हिरवे दाणे पेशीच्या भिंतीला धरून एकामागे एक फिरू लागतात, कोपऱ्यावर जरा अडखळतात, पुन्हा चालू पडतात. शेजारच्या पेशीत तीच रांग, कधी उलट दिशेने. पेपर सोडवताना जांभया देणारी पोरंसुद्धा इथे भिंगाला चिकटून बसत. ताज्या पानातच हे नीट दिसतं, म्हणून परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तळ्यावर जाणं मी कधी टाळलं नाही.

व्हॅलिस्नेरियाला आम्ही लॅबमध्ये 'पट्टी' म्हणायचो. तळाशी रोवलेलं, लांबलचक फितीसारखी पानं. यात नर आणि मादी झाडं वेगळी. मादी फूल एका तारेसारख्या बारीक देठावर चढत पृष्ठभागापर्यंत येतं आणि तिथे पाण्यात किंचित खळगा पाडून बसतं. नर झाड तळाशीच राहतं, पण त्याची इवली फुलं तुटून सुटतात, बुडबुड्यासारखी वर येतात, उमलतात आणि वाऱ्यावर पाण्याच्या पृष्ठभागावर घरंगळत जातात. मादी फुलाच्या खळग्याशी पोचली की त्यात घसरतात आणि परागण होतं. मग तो देठ स्प्रिंगसारखा वळत वळत फळाला खाली तळाशी ओढून नेतो. हे उघड्या डोळ्यांनी दिसतं. काठावर उकिडवं बसायची तयारी हवी, आणि वारा बेताचा. वारा जोरात असला तर नर फुलं सगळी एका कोपऱ्यात भुशासारखी जमा होतात.

आता जरा रसायन, कारण ते आमच्या भागाशी जुळतं. हायड्रिलाचं छत दाट झालं की दुपारी एक गंमत होते. हजारो पानं एकदम प्रकाशसंश्लेषण करू लागतात, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपत येतो, ऑक्सिजन साचतो, वरचं पाणी चांगलं तापतं. साधं झाड अशा वेळी अडून बसेल. हायड्रिला मात्र कार्बन पकडण्याची दुसरी पद्धत सुरू करतं. हीच पद्धत उसाची, ज्वारीची, मक्याची आणि बाजरीची. म्हणजे दौंडच्या बागायतीतला ऊस आणि शिरूरच्या माळावरची बाजरी जे कायम करतात, ते हायड्रिला अडचणीपुरतं करतं. उसाला त्यासाठी पानात दोन वेगळ्या प्रकारच्या पेशी लागतात, हायड्रिला सगळं एकाच पेशीत उरकतं. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात जॉर्ज बोव्हेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उलगडलं. प्रयोगाच्या वेळी चंचुपात्रात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की बुडबुडे वाढतात, त्यामागचं कारणही हेच: पाण्यात कार्बनचा पुरवठा वाढतो.

रात्री उलटा व्यवहार. उजेड नाही, पण श्वास चालूच. पाणगवत फार दाट असेल तर पहाटे पाण्यातला ऑक्सिजन तळाला जातो आणि मासे तोंड वर काढून आ-आ करतात. शेततळ्यात मासे सोडणाऱ्यांना हे दृश्य ओळखीचं आहे. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या त्या शेततळ्यांत मुळं धरायला गाळ नसतो, त्यामुळे ही मोठी झाडं तिथे फारशी येत नाहीत. पाणी नुसतं हिरवं होतं, पण पहाटेची घुसमट तीच.

हिवाळ्यात उजनीवर पक्षी बघायला माणसांची झुंबड उडते. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव, होडीला नंबर लावावा लागतो. सगळ्यांना हवा असतो रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. पण पाण्याखालचं पीक आलंय की नाही हे सांगणारा पक्षी वेगळा: काळा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी. तो बुडी मारतो आणि चोचीत हायड्रिलाचा झुबका घेऊन वर येतो. गडवाल बदकांना बुडी नीट जमत नाही, ती वारकऱ्याच्या आसपास घोटाळतात आणि त्याच्या तोंडचा घास पळवतात. वारकऱ्यांचे थवे पाण्याच्या मधोमध काळ्या डागासारखे बसलेले दिसले की मी नावाड्याला होडी तिकडे घ्यायला सांगायचे. बाकीचे प्रवासी वैतागायचे.

मार्च उजाडला की पाण्याखालच्या रब्बीची काढणी सुरू होते, आणि ती करतं धरण. माढा तालुक्यातलं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. पूर्ण भरलं की साठा ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा. कालव्यांतून आणि नदीतून पाणी सुटतं, उपयुक्त साठा संपतो आणि पातळी 'उणे'त जाते. २०२४ च्या जूनमध्ये ती उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेली होती. पळसदेवचं पाण्यात बुडालेलं जुनं मंदिर अशा वर्षी पूर्ण उघडं पडतं आणि वर्तमानपत्रांत फोटो येतात. आमच्या खानोट्या-राजेगावकडे, फुगवट्याच्या शेपटाला, पाणी सगळ्यात आधी सरकतं. काठावरचं हायड्रिला चिखलावर निजतं, दोन दिवसांत कागदासारखं वाळतं. चार दिवस दर्प असतो, मग काही नाही. उघड्या जमिनीवर लोक गाळपेर करतात: काकडी, कलिंगड, मका, चाऱ्याची ज्वारी. खत फारसं लागत नाही. का लागत नाही, तर त्या गाळात गेल्या हिवाळ्यातलं पाणगवत कुजलेलं असतं. ट्रॅक्टरच्या फाळाखाली कंद वर येतात, काही वाळतात, खालच्या ओलीतले टिकतात. एकाच जमिनीत हिवाळ्यात हायड्रिला आणि उन्हाळ्यात काकडी. सातबाऱ्यावर यातल्या पहिल्या पिकाची नोंद करायची सोय नाही.

कालव्यावरच्या तळ्यांचं गणित वेगळं आहे. पिंपळगावजवळचा माटोबा तलाव आणि वरवंडचा व्हिक्टोरिया तलाव हे दोन्ही दौंड तालुक्यातले, खडकवासल्याच्या उजव्या कालव्याच्या पाण्यावर भरणारे. इथे पूर असा येत नाही, येतं ते आवर्तन. उन्हाळी आवर्तनात उजनी आटत असताना ही तळी भरतात. त्यामुळे उजनीकाठी चिखल तडकलेला असताना मे महिन्यात मला वरवंडला हायड्रिला मिळायचं. मात्र आवर्तन सुटल्यावर पहिले काही दिवस पाणी गढूळ, झाडं धुळीने माखल्यासारखी. माझं म्हणणं असं की आमच्या भागात पाणवनस्पतींचं पंचांग सूर्यापेक्षा पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकावर जास्त चालतं. कालवा सल्लागार समितीची बैठक उसाच्या आणि पिण्याच्या पाण्यासाठी होते, पण तिथे ठरलेल्या तारखेवर पाण्याखालचं एक अख्खं रान उगवतं किंवा बुडतं.

शिरूरला तिसराच प्रकार. घोड नदीवर चिंचणीचं धरण आहे, तिथे उजनीसारखाच चढउतार चालतो. पण तालुक्याचा बराच भाग अवर्षणाचा आणि तिथे रोजगार हमीच्या काळापासूनचे पाझर तलाव आहेत, १९७२ च्या दुष्काळाने गावोगाव दिलेले. ते पावसाने भरतात आणि बहुतेक वर्षी फेब्रुवारी-मार्चपर्यंत कोरडे होतात. इतक्या थोड्या मुदतीत कंदावर विसंबून चालत नाही. इथे राज्य बियांचं आणि बीजाणूंचं: कारा, नाजस, आणि ओटेलिया, जिचं रुंद पान पाण्याच्या आत राहतं आणि तीन पाकळ्यांचं फिकट फूल तेवढं वर येतं. काठाच्या चिखलात चार पाकळ्यांच्या पानाचं मार्सिलिया. ते नेच्याच्या कुळातलं, त्याची बीजाणूफळं शिसवी लाकडासारखी टणक. हर्बेरियमच्या कागदावर अनेक दशकं चिकटून पडलेली फळंही पाण्यात टाकल्यावर रुजल्याची नोंद आहे. दुष्काळाची दोन-तीन वर्षं त्यापुढे किरकोळ. टाकळी हाजीला कुकडीच्या पात्रातल्या रांजणखळग्यांत हिवाळ्यात स्पायरोगायराचे हिरवे केसासारखे धागे मिळत, त्यांची स्लाइड सुरेख व्हायची.

आता जे बिघडलंय त्याबद्दल. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून आणि भीमेतून आमच्याकडे येतं, त्यात नत्र आणि स्फुरद भरपूर. वाटेल की खत मिळालं तर पाणगवत आणखी वाढेल. एका मर्यादेपर्यंत वाढतंही. मग त्या खतावर सूक्ष्म शैवाल माजतं, पाणी हिरवं रंगासारखं होतं आणि तळाचा उजेड पुन्हा तुटतो, या वेळी भर हिवाळ्यात. नेदरलँड्सचे मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मांडलं की उथळ तळ्याच्या दोन स्थिती असतात. एकीत पाणवनस्पती गाळ धरून ठेवतात, पाणी नितळ राहतं आणि नितळ पाण्यामुळे वनस्पती जगतात. दुसरीत वनस्पती गेलेल्या असतात, गाळ ढवळत राहतो, शैवाल माजतं आणि पाणी गढूळच राहतं. पहिलीतून दुसरीत घसरणं सोपं. परत यायला सांडपाणी थोडं कमी करून भागत नाही, पुष्कळच कमी करावं लागतं.

वरून जलपर्णी. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही जांभळ्या फुलांची बया कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या मागे साचते आणि नदीभर सतरंजी घालते. तिच्याखाली हायड्रिला उगवणं शक्य नाही. पावसाळ्यात पूर आला की बंधाऱ्यांवरून सुटून ती उजनीत जाते आणि दौंडला लोक म्हणतात, नदी स्वच्छ झाली. आणखी एक गिऱ्हाईक म्हणजे गवत्या मासा. १९५९ मध्ये भारतात आणलेला हा मासा पाणगवत खाऊनच वाढतो. कालव्यात आणि मत्स्यतळ्यात पाणगवताने पाणी तुंबतं, तिथे त्याचा उपयोग आहे. मोठ्या तळ्यात सोडताना मात्र हात आखडता घ्यावा असं मला वाटतं. मामांचंही मत तेच होतं, कारण वेगळं. "शेवाळ गेलं की मरळीची पिल्लं लपायची कुठं?" असं ते विचारायचे. मरळ गवताच्या आडोशालाच घरटं करते, त्यामुळे त्यांचं कारण माझ्या कारणापेक्षा पक्कं होतं.

कुणाला हे बघायचं असेल तर डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत जावं, सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान, ऊन तिरपं नसतं तेव्हा. सोबत पांढरी तसराळी घ्यावी, उपसलेली काडी तिच्यात पसरली की नाजस कोणतं आणि हायड्रिला कोणतं ते कळतं. गाळात उतरू नये, उजनीकाठचा गाळ वरून टणक दिसतो आणि मांडीपर्यंत आत घेतो. माटोबा किंवा वरवंडला जायचं असेल तर आधी पाटकऱ्याला फोन करून आवर्तन कधी सुटणार ते विचारावं. पाणी सुटल्यावर निदान आठवडाभर थांबावं लागतं.